जे देव नव्हेत त्यांची नावे

स्तोत्रसंहितेतल्या ९६व्या स्तोत्राचे पाचवे वचन आजच्या प्रचलित मराठी भाषांतरात वाचले, तर इतर राष्ट्रांचे देव म्हणजे मूर्ती होत, असा त्याचा अर्थ निघतो. वाक्य सरळ आहे. मराठी वाचकाला ते अडत नाही. पण त्याला जे कळते, ते हिब्रू कवीने म्हटलेलेच नाही. मुळात शब्द आहे 'एलिलीम'. या शब्दात दगड नाही, लाकूड नाही, छिन्नी नाही आणि आकारही नाही.

मग त्यात आहे काय? ते समजून घ्यायचे तर हा शब्द देवांखेरीज आणखी कोणाला लावलेला आहे, ते पाहावे. जुन्या करारात तो वीसेक वेळा येतो. ईयोबाच्या सांत्वनाला आलेले मित्र उलट त्यालाच दोष देऊ लागतात, तेव्हा तो त्यांना वैद्य म्हणतो. कसले वैद्य, तर 'एलिल' वैद्य. जखऱ्याच्या ग्रंथात एक मेंढपाळ आहे. कळप संकटात टाकून तो निघून जातो. तोही 'एलिल' मेंढपाळ. यिर्मयाच्या काळातले संदेष्टे लोकांना गोड वाटेल ते भाकीत सांगतात, त्या भाकितालाही हाच शब्द लागतो. तीन ठिकाणी तीन माणसे, आणि तिघांचा अवगुण एकच. ज्या कामासाठी ते आहेत ते काम त्यांच्याने होत नाही, आणि ते होत नसल्याचे भरवसा ठेवणाऱ्याला ऐन वेळी कळते. मराठीत याला कुचकामी म्हणतात. फुसका, फोल, बिनकामाचा, असेही शब्द आहेत. इथे मराठीत कोणीही 'मूर्ती' म्हणणार नाही. तोच शब्द देवांना लागला की मात्र लगेच 'मूर्ती' होतो.

शब्दाच्या घडणीतही एक खोच आहे. हिब्रूत 'एल' म्हणजे देव, 'एलोहीम' म्हणजेही देव. 'एलिलीम' कानाला त्याचेच खुरटलेले रूप वाटते. अक्कडियन भाषेतल्या 'दुबळा' अशा अर्थाच्या शब्दाशी काही अभ्यासक त्याचे नाते जोडतात, आणि ते खरेही असेल. पण कवीला व्युत्पत्तीशी कर्तव्य नव्हते. त्याला कानाशी होते. ९६व्या स्तोत्रात त्याने 'एलोहे' आणि 'एलिलीम' हे शब्द एकाच वाक्यात समोरासमोर ठेवले आहेत. आपण भटाचा भटुरडा करतो, पोराचे पोरटे करतो, त्यातली ही चाल आहे. त्या चालीने मराठीत 'देवुरडे' म्हणता येईल. हा शब्द कोणत्याही कोशात नाही. मी तो इथे केवळ सोयीसाठी वापरतो आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे, की बायबलमध्ये खोट्या देवांसाठी डझनभर शब्द आहेत आणि प्रत्येकात वेगळा आरोप आहे. मराठीत त्यातले बरेचसे शब्द 'मूर्ती' या एकाच शब्दात ओतले गेले. त्यामुळे आरोप बदलला आणि आरोपीही बदलला.

इथे वाचकाला हक्काचा प्रश्न पडेल, की उरणजवळच्या मोऱ्याला राहणाऱ्या माणसाचा हिब्रूशी संबंध काय. भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटते ती आमच्या बंदराला लागते. त्या जाण्यायेण्यात एक व्याकरण, एक कोश आणि एक शब्दसूची एवढ्या भांडवलावर मी या दोन भाषांची ओळख करून घेतली. विद्यापीठाचा शिक्का माझ्यावर नाही. पण हिब्रू या किनाऱ्याला परकी आहे असे मात्र समजू नये. अलिबागजवळच्या नवगावला आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले असे सांगणारा बेने इस्राएल समाज शतकानुशतके याच मुलखात तेलाचे घाणे चालवत होता. शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. त्यांची आडनावे दिवेकर, केहिमकर, राजपूरकर अशी गावांवरून आलेली, आणि घरची भाषा मराठी. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आला आणि १८३२ साली त्याने हिब्रू व्याकरणाचे पुस्तक मराठीतून काढले ते या समाजासाठी. पनवेलच्या १८४९ सालच्या सिनेगॉगचे नाव 'बेथ एल', पेणच्या सिनेगॉगचे 'बेथ हा-एलोहीम'. दोन्हींचा अर्थ देवाचे घर, म्हणजे अक्षरशः देवकुल, म्हणजे देऊळ. बेने इस्राएल मात्र बोलताना सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. शब्द कुठून कुठे जातात याचा हा एक मासला.

ज्यू उपासनेच्या शेवटी म्हटली जाणारी 'आलेनू' नावाची प्रार्थना आहे. पृथ्वीवरून 'गिल्लुलीम' नाहीसे होवोत आणि 'एलिलीम' छाटले जावोत, अशी आशा तिच्या उत्तरार्धात आहे. म्हणजे आपल्या विषयातले दोन मुख्य शब्द. आता पेण हे गणपतीच्या कारखान्यांचे गाव. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात वर्षाचे बारा महिने शाडू आणि प्लास्टर यांचे काम चालते, आणि मूर्ती हा शब्द तिथे धंद्याचा शब्द आहे. अशा गावातल्या सिनेगॉगात 'एलिलीम' हा शब्द म्हटला जाई तेव्हा शेजारच्या कारखान्यातला गणपती त्यात येत होता का? मला हा प्रश्न फार दिवस छळत होता. याचे उत्तर भाषांतरावर अवलंबून आहे.

हिब्रूत खरोखरच मूर्ती असा अर्थ असलेले शब्द आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. 'पेसेल' म्हणजे कोरलेली वस्तू. तासणे, घडवणे या धातूपासून तो आला. दहा आज्ञांत हाच शब्द आहे, आणि तिथले 'कोरीव मूर्ती' हे मराठी भाषांतर चोख आहे. 'मस्सेखा' म्हणजे ओतीव. सोन्याचे वासरू ओतले त्याला हा शब्द लागतो. हे कारखान्यातले शब्द आहेत. यशयाच्या ४४व्या अध्यायात तर अख्खा कारखानाच आहे. सुतार लाकडाचा एक भाग जाळून त्यावर भाकरी भाजतो, हात शेकतो, आणि उरलेल्या भागाचा देव करून त्याच्यापुढे लोटांगण घालतो. जगातल्या प्रत्येक मूर्तिविरोधकाने हा उपहास कधी ना कधी उसना घेतला आहे.

पण हा उपहास कोणाला लागू पडत होता? बाबिलोनमध्ये नव्या देवप्रतिमेवर 'मीस पी' म्हणजे मुखप्रक्षालनाचा विधी होई. त्यात कारागिरांचे हात बांधून झाऊ झाडाच्या लाकडी तलवारीने ते तोडल्याचा आविर्भाव करत, आणि कारागीर शपथेवर सांगत, की हे मी घडवलेले नाही. यशयाच्या त्या अध्यायांचा काळ बाबिलोनच्या बंदिवासाचा मानला जातो. तेव्हा सुताराचे हात, त्याची हत्यारे, त्याची भूक यांचे ते बारीक वर्णन मला नुसती टवाळी वाटत नाही. कारागिराने शपथेवर जे नाकारले, ते कवी त्याच्या पदरात पुन्हा घालतो आहे.

पेणच्या कारागिराला अशी शपथ लागत नाही. त्याच्याकडे बिनरंगाची शिरे ओळीने वाळत असतात, त्यांची किंमत ठरते, घासाघीस होते. डोळ्यांची आखणी झाली तरी ती मूर्तीच असते. देव येतो तो घरी, प्राणप्रतिष्ठेने, आणि विसर्जनाने जातो. मधल्या दीड, पाच किंवा दहा दिवसांपलीकडे माती ती मातीच. हे हातांनी केले आहे असे यशयाने इथे ओरडून सांगितले, तर कारखानदार विचारील, मग दुसरे कोण करणार? हिंदू बाजूचे सगळे प्रश्न त्याने सुटतात असे नाही. पण यशयाचा बाण जिथे लागायचा तिथे इथे ढाल आधीच आहे, एवढे खरे.

आता 'मूर्ती' या शब्दाकडेच पाहू. संस्कृत 'मूर्छ्' या धातूपासून तो आला. घट्ट होणे, आकार धरणे हा त्याचा अर्थ. मूर्च्छाही त्याच धातूची. मूर्ती म्हणजे जे विरळ होते ते दाट झाले. आमच्या बंदरासमोर घारापुरी आहे. तिथल्या मोठ्या लेण्यातल्या तीन मुखांच्या शिल्पाला सगळे त्रिमूर्ती म्हणतात. ते ब्रह्मा, विष्णू, महेश नव्हेत, सदाशिव आहे, हे अभ्यासकांनी केव्हाच सांगून झाले. पण नाव चिकटले ते चिकटले. शिवाला अष्टमूर्ती म्हणतात, तिथे तर पुतळ्याचा संबंधच नाही. पंचमहाभूते, सूर्य, चंद्र आणि यजमान अशी ती आठ रूपे. मराठीत माणूसही मूर्ती असतो. मूर्ती लहान आणि कीर्ती महान असते, एखादी प्रसन्न मूर्ती दारात उभी राहते. थोडक्यात, हा शब्द भक्ताचा आहे, आणि प्रेमाचा आहे.

ग्रीकांकडेही असा प्रेमाचा शब्द होता: 'आगाल्मा'. देवाला आनंद व्हावा म्हणून उभारलेली वस्तू, असा त्याचा भाव. देवळातल्या पुतळ्याला ते हेच म्हणत. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातल्या ज्यूंनी आपले ग्रंथ ग्रीकमध्ये आणायला घेतले तेव्हा हा शब्द त्यांच्या हाताशी होता. त्यांनी मात्र 'एइदोलोन' हा शब्द उचलला. होमरच्या काव्यात 'एइदोलोन' म्हणजे मेलेल्याची छाया. ओदिस्सेउस मृतांच्या लोकात आईला मिठी मारायला जातो आणि हाती काहीच लागत नाही, तिथला हा शब्द. पाण्यातले प्रतिबिंब, स्वप्नातला भास, हाही त्याचा अर्थ. ग्रीक माणूस ज्याला आनंदाची वस्तू म्हणत होता त्याला ज्यू भाषांतरकार भास म्हणाले. भक्ताचा शब्द टाकून विरोधकाचा शब्द घेण्याची ही निवड जाणूनबुजून केलेली आहे. इंग्रजीतला 'आयडॉल' तिच्याच पोटी जन्मला आणि पुढे गायक-नटांना लागून गुळगुळीत झाला. गंमत म्हणजे आजच्या हिब्रूतही लोकप्रिय नटाला 'एलिल' म्हणतात.

मराठी भाषांतरकारांनी नेमके उलटे केले. त्यांनी 'आगाल्मा' निवडला.

यात थोडी जबाबदारी ग्रीक भाषांतराकडेही जाते. 'एइदोलोन' या एका शब्दाने त्यांनी कितीतरी हिब्रू शब्द गिळले, आणि 'एलिलीम' हा एकच शब्द त्यांनी तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी आणला. लेवीयाच्या १९व्या अध्यायात 'एइदोला', २६व्या अध्यायात 'खेइरोपोइएता' म्हणजे हातांनी केलेले, आणि ९६व्या स्तोत्रात 'दाइमोनिया'. कुचकामी या अर्थाचा शब्द घडीव या अर्थाकडे सरकला तो तिथे, आपल्याकडे नव्हे. पण ग्रीकमध्ये निदान भासाचा डंख शिल्लक होता.

मराठी भाषांतराचा आरंभ श्रीरामपूरला झाला. कॅरीने पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली छापले, आणि १८११ साली मोडी लिपीत नवा करार. मुंबईत अमेरिकन मिशनने स्वतंत्रपणे काम करून १८२६ साली नवा करार पुरा केला. ही माणसे भाषा शिकत असतानाच वादही घालत होती. विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद प्रसिद्धच आहे. मोरभटांचे 'हिंदुधर्मस्थापना' १८३१ साली निघाले, विल्सनचे उत्तर पुढच्याच वर्षी. ज्या वर्षी त्याने बेने इस्राएलांसाठी हिब्रू व्याकरण काढले, त्याच वर्षी. म्हणजे 'एलिलीम' या शब्दाची सर्व रूपे एका हाताने शिकवत असताना दुसऱ्या हाताने तो मूर्तीवर लिहीत होता. समोरच्याकडे मूर्ती होती, आपल्याकडे नव्हती. फरक डोळ्यांना दिसत होता. वाद मूर्तीवर आला तो तिथेच थांबला. निराकार सगळीकडे आहे तर दगडात का नाही, या प्रश्नाला अंत नाही. पुढे १८६७ साली प्रार्थना समाज निघाला. त्यानेही मूर्तिपूजा नाकारली. म्हणजे तोवर हा शब्द दोन्ही बाजूंना मान्य झालेला होता. देव कुचकामी आहे का, तो वेळेला धावतो का, तो गरिबाचे ऐकतो का, हा 'एलिलीम' शब्दातला प्रश्न आणि देवाला आकार असावा का हा प्रश्न, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी धर्मवादात दुसरा प्रश्न पहिल्याला खाऊन बसला.

पहिला प्रश्न मराठीला नवा होता असे तर मुळीच नाही. शेंदूर फासून नैवेद्यासाठी अडून बसणाऱ्या, कोंबड्या-बकऱ्या मागणाऱ्या दैवतांचा तुकोबांनी घेतलेला समाचार ज्याने वाचला आहे, त्याला यिर्मया परका वाटणार नाही. तुकोबा विठ्ठलाच्या मूर्तीपुढे उभे राहून ही टीका करतात, आणि त्यांना त्यात विसंगती वाटत नाही, कारण त्यांचा राग आकारावर नाही. जो देव भक्ताच्या भीतीवर जगतो त्याच्यावर आहे. संदेष्ट्यांच्या शब्दांना लागणारी भाषा वारकऱ्यांच्या घरात तयार होती. भाषांतरकारांनी ती घेतली नाही, आणि का घेतली नाही हे समजण्यासारखे आहे. ती घेतली असती तर तुकोबाही आपल्या बाजूला येतात, आणि मग धर्मांतर कशासाठी करायचे?

'गिल्लुलीम' हा 'आलेनू'मधला दुसरा शब्द. तो ४८ वेळा येतो, त्यातला ३९ वेळा एकट्या यहेज्केलाच्या ग्रंथात. वळणे, गोळा करणे हा धातू. त्याच धातूचा एक शब्द विष्ठेचा गोळा या अर्थाचा, आणि तो यहेज्केलानेच चौथ्या अध्यायात वापरला आहे. तेव्हा हा शब्द शिवीसारखा आहे, सभ्य माणसाने देवळात उच्चारू नये असा. मराठीत काय करायचे? 'शेण' म्हणावे तर पंचाईत. इथे शेणाने अंगण सारवतात, पंचगव्यात ते असते. तोंडात शेण घालणे ही शिवी आणि शेणाचा सडा हे मांगल्य, दोन्ही एकाच भाषेत सुखाने नांदतात. चौथ्या अध्यायातला प्रसंग मात्र मराठी वाचकाला युरोपीय वाचकाहून चटकन कळेल. माणसाच्या विष्ठेवर भाकरी भाजण्याची आज्ञा होते, संदेष्टा गयावया करतो, तेव्हा गाईच्या शेणावर भाजण्याची मुभा मिळते. गोवरीच्या जाळावरची भाकरी ज्याने खाल्ली आहे त्याला ही सवलत केवढी मोठी आहे ते सांगावे लागत नाही. पण ही सगळी घाण, हा संताप, 'मूर्ती' म्हटले की धुऊन जातो.

'तेराफीम'चे तसे नाही. राहेल बापाच्या घरातून निघताना ते चोरते, उंटाच्या खोगिरात दडवते आणि वर बसून राहते. लाबान तंबू धुंडाळत येतो, तेव्हा मला विटाळ आहे, उठता येत नाही, असे सांगते. दावीदाची बायको मीखल बिछान्यात तेराफीम निजवून नवऱ्याला पळवते. तेव्हा आकार काही ठरावीक नसावा. आपल्या देव्हाऱ्यातले टाक डोळ्यांपुढे आणा. कुलदैवताची, पूर्वजांची ठसवलेली ती चांदीची पत्रे. भाऊ वेगळे झाले की टाक कोणाकडे जाणार यावरून घरात अबोला धरला जातो. राहेलने देव चोरले की वारसाहक्क चोरला, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. आमच्या आगरी-कोळी घरांतल्या कोणत्याही म्हातारीने, दोन्ही एकच की रे, म्हटले असते.

आणि 'बआल'. मराठी वाचकाला हे एखाद्या राक्षसाचे नाव वाटते. हिब्रूत तो साधा शब्द आहे: मालक, आणि नवराही. मराठीत यासाठी एक शब्द तंतोतंत आहे, धनी. होडीचा धनी, शेताचा धनी, आणि बाई नवऱ्याला म्हणते तोही धनी. होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात देव इस्राएलाला सांगतो, की यापुढे तू मला 'बआली' म्हणणार नाहीस, 'ईशी' म्हणशील. ईश म्हणजे पुरुष, माणूस, म्हणून नवरा. धनी या शब्दातली मालकी त्याला नको आहे. जुन्या करारातल्या सगळ्या मूर्तिविरोधात मला ही जागा सर्वांत हळवी वाटते, आणि 'बआल' हे विशेषनाम म्हणून तसेच ठेवल्याने मराठीत ती पार बुजते. पुढे या नावाचा इतका तिटकारा आला, की शौलाच्या मुलाचे एशबआल हे नाव शमुवेलाच्या ग्रंथात ईश-बोशेथ झाले. बोशेथ म्हणजे लाज. धन्याच्या जागी लाज! आपण पोर जगावे म्हणून त्याचे नाव दगडू, कचरू ठेवतो. नाव बिघडवण्याची विद्या तीच, हेतू उलटा.

अनुवाद या ग्रंथाच्या ३२व्या अध्यायात 'शेदीम' आहेत. अक्कडियन 'शेदू' हा रक्षक आत्मा, दाराशी उभा राहणारा. हिब्रूत तो हलक्या दर्जाचा, देव नसलेला, ग्रीकमध्ये 'दाइमोनिया'. पौल करिंथकरांना लिहिताना याच जागेकडे बोट दाखवतो, आणि मराठीत तिथे 'भुते' येतात. भूत हे कोणाचे तरी मेलेले माणूस असते, त्याला राखण करायला कोणी ठेवत नाही. खरा शब्द तळकोकणात आणि गोव्यात आहे: देवचार. हिंदू घरात देवचार म्हणजे गावच्या वेशीचा राखणदार, रात्री काठी टेकत फिरणारा, रोट आणि विडीवर संतुष्ट. त्याच गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत देवचार म्हणजे सैतान. अक्कडियनपासून ग्रीकपर्यंत 'शेदू'ला जो प्रवास करायला शतके लागली, तो या शब्दाने एका गावाच्या दोन वाड्यांत केला.

भाषांतरकारांच्या बाजूने बोलायचे तर पुष्कळ आहे. खेड्यातल्या श्रोत्याला एकदाच ऐकून कळेल असा शब्द त्यांना हवा होता. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे केडगावला हिब्रू आणि ग्रीक घेऊन साध्या बायकांना कळेल असे भाषांतर करण्यात घालवली, १९२२ साली काम पुरे करून त्या गेल्या. एकट्या बाईचे, स्वतः भाषा शिकून केलेले ते काम माझ्यासारख्याला नेहमीच धीर देत आले आहे. सुबोध शब्द हवा ही मागणी मी खोडून काढत नाही. पण 'कुचकामी' हा शब्द कोणत्या खेड्यात कळत नाही?

शिवाय या शब्दावर नुसते साहित्य नाही, संसार अवलंबून आहे. करिंथच्या ख्रिस्ती माणसापुढे प्रश्न होता तो 'एइदोलोथितोन'चा, म्हणजे देवळात वाहून मग बाजारात आलेल्या मांसाचा. मराठीत ते मूर्तीला वाहिलेले अन्न झाले, आणि शेजारच्या घरून आलेला मोदक त्यात आपोआप जाऊन बसला. भादव्यात मराठी ख्रिस्ती घरात ताटली घ्यावी की परतवावी, यावर नवरा-बायकोत धुसफूस होते, आणि परतवली तर दोन घरांत वर्षभर तेढ राहते. पौल स्वतः सांगतो, की 'एइदोलोन' म्हणजे जगात काहीच नाही. खाण्याने आपण देवाच्या जवळही जात नाही आणि दूरही जात नाही. फक्त दुबळ्या मनाच्या भावाला ठेच लागू देऊ नका. भासाला वाहिलेले अन्न असा मूळ शब्दाचा सूर कानात असता, तर ताटलीवरून एवढे रण माजले असते का, अशी मला शंका आहे. पुढे तोच पौल दाइमोनियांच्या पंगतीत बसू नका असेही बजावतो, हे खरे. पण तिथे प्रश्न देवळातल्या पंगतीचा आहे, शेजारणीच्या ताटलीचा नाही.

कलस्सैकरांस पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे. मराठीत हे वाक्य नेहमी अलंकारिक म्हणून वाचले जाते, कारण लोभाला मूर्ती कुठे असते? एलिलीम मनात ठेवून वाचले तर त्यात अलंकार उरत नाही. पैशावर भरवसा ठेवला आणि ऐन वेळी तो कळप टाकून निघून गेला. जखऱ्याचा मेंढपाळ तो हाच. ईयोबाच्या मित्रांकडेही एकही मूर्ती नव्हती. ते पक्के एकेश्वरवादी होते, देवाची बाजू घेऊनच बोलत होते, आणि तरीही शब्द त्यांनाच लागला. ज्या घरात मूर्ती नाही त्या घराला हा शब्द कसा लागू पडेल, ही सोय हिब्रूत नाही. मराठीने ती करून दिली. आरोप उंबरठा ओलांडून शेजारी गेला.

माझ्या वहीत याच्या खाली आणखी एक शब्द आहे, 'त्सेलेम'. कनानी लोकांच्या ओतीव पुतळ्यांना गणनेच्या ३३व्या अध्यायात हाच शब्द आहे, यरुशलेमात बआलाच्या देवळात फोडले गेले तेही त्सेलेम, आणि दानीएलाच्या ग्रंथातला नबुखद्नेस्सराचा सोन्याचा पुतळा अरामी भाषेत त्सेलेमच. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणूस निर्माण करतो तो आपल्या 'त्सेलेम'मध्ये. मराठी भाषांतराने माणसापाशी 'प्रतिरूप' हा शब्द ठेवला आणि बाकीच्यांना पुतळे, मूर्ती म्हटले, त्यामुळे दोन्ही जागी शब्द एकच आहे हे मराठी वाचकाला दिसत नाही. घारापुरीचा शिल्पकार 'मूर्ती' म्हणे तेव्हा ज्या अर्थाने म्हणे, त्या अर्थाने उत्पत्तीच्या त्या वचनात 'मूर्ती' शब्द घालून पाहावा. एखाद्या नव्या भाषांतरकाराने तेवढा एक प्रयोग तरी करावा, तळटीप देऊन का होईना.